बटणाची उंची

माणसाची फजिती अज्ञानामुळे होते, हा समज ज्ञानी लोकांनी पसरवलेला आहे. बदलापूर गावातल्या हरिचंद्र भोईर यांची जी झाली ती एका अत्यंत रास्त प्रश्नामुळे झाली. प्रश्न दोनच शब्दांचा होता. तो त्यांनी विचारला नसता तर संतोष वायरमन त्या दिवशी जेवायच्या आत काम उरकून अंबरनाथला परतला असता, आणि ही हकीकत सांगण्याचे कारणच उरले नसते.

काम होते गॅरेजमध्ये वीज नेण्याचे. गॅरेज म्हणजे आर्किटेक्टने नकाशात काढली आणि म्हणूनच बांधली गेलेली एक खोली. गल्लीचे वळण असे आहे की त्या खोलीत मोटार एकदाच शिरली. बाहेर काढताना दोन्ही आरसे आणि एका शेजाऱ्याशी असलेले संबंध गेले. तेव्हापासून मोटार चिंचेखाली आणि गॅरेज रिकामे, अशी व्यवस्था चालत आली होती. त्या रिकाम्या जागेवर पद्मजाबाईंनी, म्हणजे हरिचंद्रांच्या पत्नीने, हक्क सांगितला. त्यांनी मसाला कांडण्याचे यंत्र आणले: वर खाली होणारी दोन मुसळे, त्यांच्याखाली दोन उखळी, मागे मोटर. मिरचीची धूळ घरात नको म्हणून ते गॅरेजमध्ये मांडले आणि वर जुनी चादर घातली.

आगरी घरात वर्षाचा मसाला ही किरकोळ बाब नव्हे. होळी उलटली की मिरच्या गच्च्यांवर पडतात, आणि कोणाच्या मिरच्या कोण कांडणार हे सोयरिकीइतक्या गांभीर्याने ठरते. एकदा जिच्या हाती मसाला सोपवला तिच्याकडेच तो जन्मभर जातो. जिने एकदा शब्द मोडला तिच्या दारात मात्र मिरचीचे देठही पुन्हा येत नाही. पद्मजाबाईंनी आळीतल्या बायकांना शब्द दिला होता. आयुष्यात प्रथमच त्यांनी नवऱ्याला न विचारता काहीतरी कबूल केले होते, आणि ते पार पाडायला त्यांना नवऱ्याकडून फक्त एक तार हवी होती.

"सर, मीटरपासून इथवर केसिंग पट्टी मारतो," संतोष म्हणाला. "आतून वायर, मशीनच्या बाजूला बटण. जेवायच्या आत काम फिनिश."

"पट्टीच का?" हरिचंद्रांनी विचारले.

उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात त्यांनी निवृत्त होईपर्यंत तर्कशास्त्र शिकवले होते, तेही अशा विद्यार्थ्यांना, ज्यांनी हा विषय इतर विषयांच्या जागा भरल्या म्हणून घेतला होता. इतकी वर्षे कोणी प्रश्न विचारला नाही की माणूस स्वतःच विचारू लागतो.

"सगळे पट्टीच मारतात, सर."

"सगळे मारतात हे कारण नव्हे, ती वस्तुस्थिती झाली. प्लास्टिक आहे. उंदराने कुरतडली तर?"

संतोष प्रामाणिक होता, आणि प्रामाणिकपणा हा धंद्यात किती घातक असतो याचे भान त्याला नव्हते. "कुरतडतात ना. उल्हासनगरला माझी एक पार्टी आहे, जीन्सचा कारखाना. उंदरानं पट्टी खाल्ली, वायर खाल्ली, आणि स्वतः पण गेला. आठ दिवस वास कुठून येतो कळेना."

"मग पाइप टाका."

"पीव्हीसी का लोखंडी? वरून का भिंतीतून?" संतोषने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही ठरवा, सर. ठरलं की फोन मारा." आणि तो गेला. जाणारा वायरमन आणि सुटलेला बाण यांतला फरक एवढाच, की बाण कुठे पडला हे कळते.

हरिचंद्रांनी ठरवायला घेतले. पूर्वपक्ष ऐकल्याशिवाय सिद्धान्त मांडायचा नाही ही शास्त्राची शिस्त आहे, आणि आपल्या समाजात पूर्वपक्षाला बोलवावे लागत नाही. शेजारचे आण्णा त्याच संध्याकाळी आले. ते मूळचे साताऱ्याकडचे, आनंदनगरच्या एका रसायनाच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून आयुष्य काढलेले. लोखंडी पाइपाखेरीज दुसरे काही मनात आणणे त्यांना पाप वाटे.

"सर, आमच्या प्लांटला आग लागली होती," ते म्हणाले. "शेड गेली, मशीन गेली, ऑफिसातली खुर्ची गेली. पाइपातली वायर? जशीच्या तशी. तीच काढून दुसऱ्या शेडला वापरली."

शेड गेल्यावर वायर वाचण्यात नेमके काय वाचले, हे हरिचंद्रांनी विचारायला हवे होते. परंतु ते त्या वेळी लोखंड आणि प्लास्टिक यांच्या तुलनेत गढले होते. मोठे प्रश्न छोट्या प्रश्नांच्या गर्दीत असेच निसटतात.

दुसऱ्या दिवशी पुतण्या कल्पेश आला. तो जमिनीचे व्यवहार करतो आणि घराकडे पाहताना त्यात राहणाऱ्यांकडे न पाहण्याची कला त्याला साधली आहे.

"काका, बाहेरून पाइप? घर आहे का पेट्रोल पंप? कन्सील मारा ना. भिंत कापायची, पाइप आत, वरनं प्लास्टर. आजकल जो दिखता है ना काका, वो सस्ता लगता है."

"आणि आत तार तुटली तर कळणार कसे?"

"तो पुढच्या पार्टीचा प्रॉब्लेम ना, काका."

गेल्या काही वर्षांत या नदीकाठावर ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांतल्या पुष्कळांच्या पायात सिमेंट कमी आणि हे वाक्य जास्त घातलेले आहे. हरिचंद्रांनी ते ऐकून घेतले, पुतण्या होता.

मग ते स्वतः माल पाहायला उल्हासनगरला गेले. दुकानाच्या सिंधी शेठने काउंटरवर नमुने पसरले: चौकोनी पट्टी, पांढरा पाइप, काळा पाइप, लोखंडी पाइप, आणि जमिनीत पुरायची पोलादी चिलखतातली केबल. हरिचंद्रांनी प्रत्येकाचे गुणदोष विचारले. शेठने पंधरा मिनिटे संयम राखला.

"साईं, ये भी अच्छा है, वो भी अच्छा है," तो अखेर म्हणाला. "आप ये बोलो, डर किसका है. जिसका डर, उसका पाइप."

हे वाक्य ऐकून हरिचंद्र थक्क झाले. परतताना रिक्षात ते एकेक भय मनाशी मांडत आले: उंदीर, धूळ, ऊन, आग, चोर, आणि अर्थात पुराचे पाणी. कोणाला काही होईल याचे भय, असा स्वतंत्र विभाग त्यात नव्हता. सगळी भये तारेच्या वतीने होती.

इकडे गच्चीवरच्या मिरच्या वाळून चुरचुरू लागल्या होत्या. बायका आता 'कधी' असे विचारत नव्हत्या. येता जाता नुसत्या गॅरेजकडे पाहत. एका दुपारी पद्मजाबाईंनी गच्चीवरून पाहिले, तर दोन घरच्या मिरच्यांच्या गोण्या रिक्षातून अंबरनाथ पश्चिमेच्या गिरणीकडे निघाल्या होत्या. त्या रात्रीच्या आमटीत तिखट नव्हते.

"विसरलीस?" हरिचंद्रांनी विचारले.

"नाही. जपून ठेवलंय. तुमचा पाइप ठरला की घालीन."

ठरवण्याच्या आड आता वीज कार्यालय आले होते. मोटरसाठी वाढीव भार मंजूर करून घ्यायला हवा होता. खिडकीमागचे गृहस्थ सौजन्यशील होते. दुर्दैवाने सौजन्याची तिथे काही गरज नव्हती.

"टेस्ट रिपोर्ट आणा."

"कशाचा?"

"वायरिंगचा."

"वायरिंग अजून व्हायचे आहे. तार किती जाडीची घ्यायची ते मंजूर भारावर ठरणार ना?"

"बरोबर."

"भार मंजूर होणार रिपोर्टावर."

"बरोबर."

"आणि रिपोर्ट मिळणार वायरिंग झाल्यावर."

"तुम्हाला कळलं, सर," गृहस्थ समाधानाने म्हणाले. "लोकांना कळत नाही, उगाच भांडतात."

शास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. हरिचंद्रांनी तो जन्मभर फळ्यावर शिकवला. इतका निर्भेळ, चालता बोलता, पगार घेणारा अन्योन्याश्रय त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांना क्षणभर चक्क आनंद झाला, ही गोष्ट त्यांनी पद्मजाबाईंपासून लपवली.

दोषाचा परिहार संतोषने केला. त्याच्या ओळखीचा परवानाधारक कंत्राटदार होता, तो होणाऱ्या वायरिंगचा रिपोर्ट आगाऊ देत असे. अट एकच: तार कुठून जाणार आणि बटण जमिनीपासून किती उंचीवर येणार, हे त्यात लिहायचे आणि मग काही केल्या बदलायचे नाही. बदलले की अर्ज पहिल्यापासून.

म्हणजे आता उंची ठरवणे आले, आणि नदीकाठच्या गावात उंची पुराच्या पाण्यावर ठरते. हरिचंद्रांनी सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलावले. ही त्यांची घोडचूक, कारण बदलापूर गावात पुराची उंची ही मोजण्याची बाब नसून मानाची बाब आहे. इतर गावांत लोक मुलाची पदवी सांगतात, इथे घरात पाणी कुठवर आले ते सांगतात. त्यालाही शिष्टाचार आहे. बरोबरीच्याच्या पाण्यावर आपले पाणी चढवता येते; वडीलधाऱ्याने एकदा खूण दाखवली की तिच्या वर जायचे नाही आणि ती खाली आणायची तर मुळीच नाही.

आण्णांनी छातीवर हात ठेवला. "आमच्याकडं इथवर."

"आण्णा, तुम्ही आमच्या नंतर आलात राहायला," कल्पेश म्हणाला आणि त्याने हात डोक्यावर नेला. "आमचा फ्रिज आख्खा आत. वरचं फ्रीझरपण."

"फ्रिज लहान असेल."

"डबल डोअर होता, आण्णा."

छातीवरचा हात तसाच ठेवून आण्णांनी टाचा उचलल्या. हा वाद रात्रीपर्यंत गेला असता, पण वेणूबाई बसल्या होत्या. वेणूबाई म्हणजे हरिचंद्रांची चुलती, आळीतली सर्वांत वयस्क बाई. उपड्या घमेल्यावर बसून त्या तपकीर ओढत होत्या.

"काकी, तू सांग," हरिचंद्र म्हणाले. "पाणी कुठवर?"

वेणूबाईंनी सगळ्यांच्या वर गेलेल्या हातांकडे पाहिले, काठी उचलली आणि दाराच्या चौकटीच्याही वर भिंतीवर टेकवली. आण्णांनी टाचा खाली टेकल्या. शास्त्रात आप्तवाक्य, म्हणजे भरवशाच्या माणसाचा शब्द, हे प्रमाण आहे. आप्त चुलती असेल तर ते खोडता येत नाही. हरिचंद्रांनी काठीच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ ओढली.

तेवढ्यात पद्मजाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी रेघ पाहिली.

"बटण तिथं? माझा हात कसा पोचायचा?"

"पद्मजा, पुराचे पाणी तिथवर येते."

"येऊ दे की. पण तिथवर पाणी आलं तर यंत्र आधीच बुडलं ना? ते तर खाली आहे. बुडालेल्या यंत्राचं बटण कोरडं ठेवून काय करायचं?"

या वाक्यात हेत्वाभास कुठे आहे, तो हरिचंद्रांनी शोधला आणि त्यांना सापडला नाही. ज्या सभेत असे वाक्य उच्चारले जाते त्या सभेला दोनच मार्ग असतात: मत बदलणे किंवा विषय बदलणे.

"काकू, चहा एक नंबर झालाय," कल्पेश म्हणाला.

आणि रिपोर्टात रेघेची उंची गेली.

पाइपाचा वाद हरिचंद्रांनी कोणालाही न दुखवता मिटवला, म्हणजे सगळ्यांचेच ऐकले. आण्णांच्या समाधानासाठी लोखंडी पाइप घेतला. उंदराची शंका पूर्ण फिटावी म्हणून त्याच्या आत प्लास्टिकचा पाइप सरकवला. दिसू नये म्हणून ते दोन्ही कल्पेशच्या सांगण्यावरून भिंत फोडून आत गाडले. लोखंड आले म्हणून अर्थिंगचा खड्डा आला, आणि खड्ड्यात कोळशाबरोबर मीठ आले. ज्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांत मीठ पिकवून विकले त्या कुळाने ते विकत आणून जमिनीत पुरले. पूर्वजांना काय वाटले असेल ते असो. संतोषने कामाचे तीन दिवस सांगून आठ लावले, आणि एवढ्या बंदोबस्तातली तार आपण आजवर पाहिली नाही असे निघताना कौतुकाने सांगितले.

मंजुरी आली. पद्मजाबाईंनी चादर काढली, यंत्राला हळदकुंकू लावले. अजून वाट पाहणाऱ्या बायका मिरच्या घेऊन आल्या. हरिचंद्रांनी आतून लाकडी स्टूल आणले, त्यावर चढून बटण दाबले, उतरले आणि स्टूल परत आत नेऊन ठेवले, कारण प्रत्येक वस्तू जागच्या जागी असावी. मुसळे धडधडू लागली. आण्णांनी भिंतीवर हात फिरवून पाइप कुठे आहे ते कळत नसल्याची खात्री केली. सगळे प्रसन्न होते.

कांडताना मसाला सारखा वरखाली करावा लागतो. पद्मजाबाई लांब दांड्याच्या पळीने तो सारत होत्या. मुसळाने पळी धरली. पळीबरोबर हात ओढला गेला, तो त्यांनी झटक्यात सोडवला, आणि पळी कडकड वाजत उखळीतला ऐवज छतापर्यंत उडवू लागली. पुढच्या क्षणी गॅरेजमध्ये मिरचीखेरीज काही उरले नाही.

"बंद करा," पद्मजाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडायला श्वास घ्यावा लागतो.

कल्पेशने उडी मारली, ती आण्णांच्या अंगावर पडली. आण्णा मीटरकडे धावले. मीटरच्या पेटीला चोराच्या भयाने कुलूप लावलेले होते. बायका पदर तोंडाला लावून गल्लीत गेल्या. हरिचंद्र मिटल्या डोळ्यांनी भिंत चाचपत होते. त्यांच्या तळव्याखाली, प्लास्टरच्या आत, लोखंडाच्या आत, प्लास्टिकच्या आत तार पूर्ण सुरक्षित होती आणि आपले काम चोख करत होती. शेवटी ते धण्यांच्या गोणीवर चढले, गोणी फुटायच्या आत त्यांचे बोट बटणावर पडले, आणि मग ते धण्यांसह खाली आले.

धूळ बसायला वेळ लागला. पळी दुमडून तिचे आकड्यासारखे काहीतरी झाले होते. पद्मजाबाईंनी आपला हात डोळ्यांसमोर धरून एकेक बोट हलवून पाहिले. सगळी होती.

"तुमच्या तारेला काही झालं नाही ना?" त्यांनी विचारले.

हरिचंद्रांनी आयुष्यात अनेक वाद गमावले होते, पण इतक्या हळू आवाजात एकही नाही. पळीच्या जागी हात असता, हा विचार त्यांच्या मनात एकदा आला आणि मग तो गेला नाही. ते रात्री वेणूबाईंकडे गेले. बटण खाली घ्यायचे तर काकीची खूण मोडावी लागणार, आणि ते तिच्या तोंडावर सांगण्याची धमक त्यांच्यात आता आली होती.

"काकी, तू दाखवलेले पाणी..." त्यांनी सुरुवात केली.

"कनचा पानी?"

"पुराचे. त्या दिवशी गॅरेजमध्ये काठीने दाखवलेस ते."

"मी पूर बगलाच नाय रे, हरी," वेणूबाई म्हणाल्या. "मी तवा पोरीकडं व्हते, अंबरनाथला. पानी उतरल्याव आले."

"मग काठी वर का केलीस?"

"तुमी सगले हात वर करत व्हते. मना वाटला, वर करायचा असंल."

प्रमाणांच्या चर्चेत या प्रकाराला जागा नाही. कदाचित ती असायला हवी. बरीच प्रमाणे अशीच तयार झाली असावीत.

सकाळी ते वीज कार्यालयात उभे राहिले. खिडकीमागचे गृहस्थ तेच आणि तितकेच सौजन्यशील होते. उंची बदलायची तर नवा अर्ज, नवा रिपोर्ट, नवी तपासणी. तोवर बटण आहे तिथेच राहील. तोवर म्हणजे मिरच्यांचा हंगाम संपत येईल तोवर. हरिचंद्रांनी अर्ज देऊन टाकला.

ते घरी आले तेव्हा गॅरेज झाडून झाले होते. यंत्रासमोर पद्मजाबाई नवी, लाकडी पळी घेऊन उभ्या होत्या. मागे, बटणाखाली, टेबलावर चढवलेले ते लाकडी स्टूल होते.

"बसा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी 'चालू' म्हटलं की चालू. 'बंद' म्हटलं की बंद. मधे प्रश्न नाही."

हरिचंद्र स्टुलावर चढून बसले. तिथून त्यांचे डोके जवळजवळ छताला लागत होते. नाकाला रुमाल, डोळ्यांवर स्कूटरचा चष्मा आणि उजव्या हाताचे बोट बटणावर, अशा अवस्थेत तर्कशास्त्राच्या माजी प्राध्यापकांनी उरलेला हंगाम काढला. पहिले दोन दिवस त्यांना अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी पळी पुन्हा अडकली. "बं" ऐकताच त्यांनी मोटर थांबवली, "द" पद्मजाबाईंनी शांततेत उच्चारला. विद्यार्थ्यांना अर्धे वाक्य ऐकून अर्थ कळावा म्हणून ते आयुष्यभर झटले होते. ते स्वतःला जमते हे त्यांना ठाऊक नव्हते.

बायकांत बातमी पसरली. कांडपाच्या इतर ठिकाणी बाईच कांडते आणि बाईच बटणाकडे धावते. भोईरांकडे बंद करायला वेगळा माणूस बसवलाय, तोही शिकलेला. अंबरनाथला गेलेल्या दोन गोण्यांच्या मालकिणी गरम मसाला तरी इथे कांडू म्हणून परत आल्या. येताना त्या वर पाहून "बरंय ना, सर?" असे विचारत, आणि सर वरून मान हलवत, कारण बोलायला मनाई होती. पद्मजाबाईंचा शब्द खाली पडला नाही. वाट पाहणाऱ्या एकाही घरचा मसाला राहिला नाही.

शेवटच्या गोण्या उरल्या होत्या तेव्हा संतोष ड्रिल मशीन घेऊन आला. "सर, गुड न्यूज. फेरबदलाची परमिशन आली. बटण आत्ताच खाली घेऊन टाकतो."

हरिचंद्रांनी चष्मा वर केला. "उत्तम. पण खाली म्हणजे नेमके किती खाली?" ते म्हणाले. "आणि डाव्या बाजूला की उजव्या? आण्णांना जरा हाक मारा, म्हणजे..."

"राहू दे, संतोष," पद्मजाबाई म्हणाल्या. त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही; त्या उखळीत मिरच्या ओतत होत्या. "बटण खाली आलं की सर परत विचार करायला मोकळे होतील."

संतोषने ड्रिल पिशवीत घातले. हरिचंद्रांनी त्या वाक्याची प्रतिज्ञा तपासली, हेतू तपासला, उदाहरण शोधू गेले तर ते स्वतःच स्टुलावर बसलेले आढळले. वाक्य निर्दोष होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

"अहो," पद्मजाबाई म्हणाल्या, "चालू."

त्यांनी बटण दाबले.